नावाड्याचं पान

मदन महल, जबलपूर
३ ऑगस्ट २०२५

ती. स्व. भय्यासाहेब,

मोठ्या भावाला साष्टांग नमस्कार लिहावा अशी रीत आहे. आठ अंगांपैकी गुडघे डॉक्टरांनी बाद केले आहेत आणि मन सहा वर्षांपूर्वी तुझ्यामुळे बाद झालं. उरलेल्या सहा अंगांनी नमस्कार.

फोनवर तू मला ब्लॉक केलंस, म्हणून हे स्पीड पोस्टानं. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

तुझी पुस्तिका पोचली. 'सत्तावनचा उठाव आणि आमचे घराणे'. आत खापरपणजोबा सखोपंतांचं चित्र आहे. त्यांना कोणी पाहिलेलं नाही, पण चित्रकारानं त्यांना हुबेहूब तुझं नाक दिलंय. पुण्यात बसून पूर्वज घडवायचे तर नाकापासून सुरुवात केलेली बरी.

गोष्ट मी एका बैठकीत वाचली. कोंडऱ्याचे गोंड जहागीरदार गजरूप साह इंग्रजांवर उठले. चार महिने घोडदळ त्यांच्या मागे, डोंगरातून नाल्यात, नाल्यातून डोंगरात. शेवटी पौषात ते तिलवाऱ्याला सखोपंतांच्या दारी आले. सखोपंतांनी हातात नर्मदेचं पाणी घेऊन अभय दिलं, जेवू घातलं. पहाटे नदी उतरून जायचं ठरलं होतं. पण झनकू नावाच्या केवटानं, म्हणजे नावाड्यानं, छावणीत वर्दी दिली आणि एक पाय नावेत, एक काठावर असताना गजरूप साह पकडले गेले. फाशी झाली. तेव्हापासून आपलं घराणं दर पितृपक्षात, घातचतुर्दशीला, रक्ताच्या नात्यात नसलेल्या त्या पाहुण्याचं श्राद्ध करतं. वाचता वाचता मलाच भरून आलं. मग आठवलं की ही आपलीच माणसं आहेत, आणि डोळे लगेच कोरडे झाले.

आता मुद्द्याचं. कोंडऱ्याची स्मारक समिती तिलवाऱ्याच्या घाटावर शिळा बसवतेय, तिच्यासाठी लिहून दिलेला मजकूर तू सोबत पाठवलास: 'यहीं केवट झनकू के विश्वासघात से अमर शहीद गजरूप साह पकड़े गए। धन्य हैं सखोपंत, जिन्होंने शरण दी।' अनावरण २० सप्टेंबरला, चतुर्दशीच्याच दिवशी.

पाकीट माझ्या हाती यायच्या आधी ज्योतीनं घेतलं. ज्योती बर्मन, माझ्या वरच्या खोलीत तीन वर्षं भाड्यानं राहते, रिछाईच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. चहा घेता घेता तिनं तो कागद वाचला आणि कप खाली ठेवला.

"दीदी, ये झनकू हमारे हैं."

"हमारे म्हणजे? केवट?"

"हमारे घर के. दादाजी के भी दादाजी."

"काहून गं, तीन वर्षांत कधी बोलली नाहीस?"

"ऐसी बात कोई बताता है क्या? दो जगह रिश्ता इसी पे टूटा."

तिचे वडील अजून तिलवाऱ्याला नाव चालवतात. पूजेचे लोक बसतात, फोटो काढणारे बसतात. पल्याडच्या कोंडऱ्याचं एक माणूस बसत नाही. डोक्यावर पोतं असलं तरी पुलावरून चालत जातं, पण बर्मनच्या नावेत पाय ठेवत नाही. लग्नकार्याला त्या घराला बोलावणं नसतं. ज्योती म्हणाली, "अब तक मुँह से बोलते थे. अब पत्थर दिखा के बोलेंगे."

तेव्हा ती झनकूची ओळ काढून टाक. सखोपंतांचं 'धन्य' तुला हवं तर ठेव, नाकासकट.

आणि माझ्याकडची घराण्याची श्राद्धाची पोथी अनावरणाच्या प्रदर्शनात मांडायला हवी म्हणालास. पोथी पाठवणार नाही.

'लोभ असावा' लिहायची जागा आली. आपल्यात तो असल्याचा पुरावा मिळाला की लिहीन.

कुंदा


१७ ऑगस्ट २०२५

ती. स्व. भय्यासाहेब,

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं, खाली सही, आणि 'विषय: आपले दि. ३ चे पत्र'. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण ऑफिस अंगातून गेलेलं नाही.

तू लिहितोस, "एका भाडेकरणीच्या भावना दुखावतात म्हणून इतिहास बदलायचा का?" आणि पुढे, "आईच्या दहाव्याला चारचौघांत तू माझी जी शोभा केलीस ती मी विसरलेलो नाही." मीही विसरलेले नाही. कावळा पिंडाला शिवत नव्हता, सगळे तासभर उन्हात उभे. काय राहिलं असेल आईच्या मनात, असं गुरुजींनी विचारलं. मी म्हटलं, "भय्यासाहेब दवाखान्यात काहून आला नाही, एवढंच विचारायचं राहिलं असेल." आणि कावळा आला. तुझं भांडण कावळ्याशी असायला हवं, मी फक्त प्रश्न विचारला होता.

असो. इतिहासाचं म्हणतोस तर इतिहासाचं बोलू.

चतुर्दशीचा संकल्प तुला तोंडपाठ आहे. मुंज झाल्यापासून बाबांच्या शेजारी बसून म्हणत आलास, आता पुण्यात म्हणतोस. आवाज चांगला आहे तुझा, ते मी नाकारलेलं नाही. मी त्या वेळी स्वयंपाकघरात आमसुलाची चटणी वाटत असायची. बाईमाणसानं श्राद्धाचे मंत्र ऐकू नयेत म्हणून बाबा मधलं दार लोटून घ्यायचे. दार सागवानी होतं पण खाली बोटभर फट होती. पुढे मी संस्कृतात एम.ए. केलं त्याचं मूळ त्या फटीत आहे.

आता एकदा, पाटावर बसतोस तसा नीट बसून, तो संकल्प मोठ्यानं म्हण. मधला भाग असा आहे: 'आश्रितविश्वासघातजन्यपापक्षयार्थं, नाविकस्य झनकूनाम्नो मिथ्याभिशंसनजन्यदोषपरिहारार्थं च.'

पन्नास वर्षं तू हे म्हणतोयस. कधी वाटलं नाही, मंत्रात झनकू कुठून आला? देवांच्या यादीत कुठे ऐकलायस?

मराठीत सांगते. 'आमच्या आसऱ्याला आलेल्याचा आम्ही जो विश्वासघात केला त्याचं पाप फिटावं म्हणून, आणि झनकू नावाच्या नावाड्यावर आम्ही जो खोटा आळ घेतला त्याचा दोष जावा म्हणून.'

वर्दी सखोपंतांनी दिली, भय्यासाहेब. पाहुणा पानावर बसला असताना मागच्या दारानं माणूस छावणीत पाठवला. दुसऱ्या महिन्यात कचेरीत त्यांना दफ्तरदारी मिळाली. ती बढती तू पुस्तिकेत 'विद्वत्तेची कदर' म्हणून छापलीस. कोंडऱ्याचे लोक विचारायला आले तेव्हा त्यांनी घाटाकडे बोट दाखवलं. नाव तिथेच बांधलेली होती.

हे मी कल्पनेनं रचत नाही. पोथीच्या शेवटच्या पानावर त्यांच्याच अक्षरात आहे, मरणाच्या वर्षी लिहिलेलं. खाली मुलाला आज्ञा: दोन पानं जास्तीची वाढावीत, एक पाहुण्याचं, एक नावाड्याचं. नावाड्याचं पान नर्मदेत पल्याडच्या काठाकडे तोंड करून सोडावं, आणि त्यात मीठ घालू नये. तू पुस्तिकेत लिहिलंस की नर्मदामैयाला अळणी आवडतं. मैयानं तुला हे कधी सांगितलं? सखोपंतांनी कारण दिलंय: ज्याचं आयुष्य नासवलं त्याला आपलं मीठ खायला लावून वर मिंधं करायचा हक्क आपल्याला नाही.

माणूस हुशार होता. पाप कबूल केलं, दरवर्षी, मोठ्यानं, घाटापासून हाकेच्या अंतरावर. फक्त अशा भाषेत की घाटावरच्या कोणाला कळू नये.

ओळ काढ.

कुंदा


३१ ऑगस्ट २०२५

भय्यासाहेब,

नमस्कार आज सगळ्या अंगांनी, कारण तू मला पकडलंस.

तुझ्या पाकिटात पत्र नव्हतं. नुसती एक झेरॉक्स: आपल्या इथल्या मराठी मंडळाची १९९३ ची स्मरणिका, पान अठरा, 'एका श्राद्धाची कथा', लेखिका कुमारी कुंदा, एम.ए. (संस्कृत), सुवर्णपदक. आणि लाल पेनानं अधोरेखित केलेली ओळ: 'पाहुण्याच्या आत्म्यास शांती लाभावी, व झनकू नावाच्या नावाड्याच्या पापाचे क्षालन व्हावे, म्हणून हा संकल्प.' समासात तुझ्या हातचे तीन शब्द. 'माझा संदर्भ: तू.'

खरंय. कोंडऱ्यात तोवर नुसतं 'केवट' म्हणत. बर्मन त्याच केवटाचे वंशज हे तिथे माहीत होतं, पण छापलेलं कुठे नव्हतं. नाव कागदावर मी आणलं. पुढे कोणी तरी त्याचा हिंदी अनुवाद केला, तो कोंडऱ्याच्या शाळेत वाचला गेला, आणि आता तुझ्या शिळेवर येतोय. मागच्या दोन पत्रांत मी तुला जे शहाणपण शिकवलं, त्यात हे सांगायचं मी विसरले नव्हते. टाळलं होतं.

संकल्पातल्या संस्कृत समासाचा अर्थ मला चुकला नव्हता. बावीस वर्षांची होते, सुवर्णपदक मिळवलेली, असला समास झोपेतही सोडवला असता. अर्थ लागला त्या संध्याकाळी पोथी घेऊन बाबांकडे गेले. ते अंगणात कुंड्यांना पाणी घालत होते.

"काहून खोदून राहिली? पोथीतलं पोथीत राहू दे."

"बाबा, झनकूची माणसं घाटावर असतील ना अजून?"

"असतील."

"मग त्यांना कळायला नको?"

बाबांनी झारी खाली ठेवली. रागावले नाहीत. मला पुढचं वाक्य अजून त्यांच्याच शांत आवाजात ऐकू येतं. "त्यांना संस्कृत येते काय?"

मंडळाच्या वर्धापनदिनाला मला व्यासपीठावर बसवणार होते. घरातल्या बाईला पहिल्यांदाच. अध्यक्षांनी विषय सुचवला होता, 'तुमच्या घराण्याची ती श्राद्धाची गोष्ट लिहा ना.' मी लिहिली. एक षष्ठी विभक्ती इकडची तिकडे केली असं स्वतःला सांगत आले. पण ते व्याकरण नव्हतं. मी एका माणसाचं पाप दुसऱ्याच्या माथ्यावर लिहिलं, आणि शालीची घडी मांडीवर ठेवून टाळ्या घेतल्या. बाबा पहिल्या रांगेत होते. घरी येताना रिक्षात म्हणाले, "छान जमवलंस." शाबासकी होती की टोमणा, ते मी बत्तीस वर्षं ठरवू शकलेले नाही.

सखोपंतांनी निदान पोथीत खरं लिहिलं. मी छापील खोटं लिहिलं. तुझं नाक त्यांच्यासारखं असेल, बाकी सगळं माझ्याकडे आलेलं दिसतं.

तुला वाटलं असेल आता ही गप्प बसेल. काल दुपारपर्यंत मलाही तेच वाटत होतं.

काल दुपारी ज्योती खाली आली. कारखान्यातून अर्धा दिवस सुट्टी घेऊन. तिनं स्वतःच्या हातानं एक अर्ज लिहिला होता, समितीला, की झनकूचं नाव कृपा करून कोरू नये, 'हमारे पास कोई सबूत नहीं है, पर प्रार्थना है'. मला म्हणाली, "दीदी, आप पढ़ी-लिखी हैं, भाषा ज़रा ठीक कर दीजिए."

मी भाषा ठीक करून दिली, भय्यासाहेब. दोन मात्रा आणि एक अनुस्वार. तिचा पुरावा माझ्या कपाटात, लाल कापडात, आम्ही बसलो होतो तिथून चार हातांवर होता. ती 'थैंक्यू दीदी' म्हणून जिना चढून गेली.



कुंदा


१२ सप्टेंबर २०२५

भय्यासाहेब,

तुझी तार वाटावी इतकी छोटी चिठ्ठी पोचली. 'पोथी घराण्याची आहे. बाहेर गेली तर तू माझी बहीण नाहीस.' सहा वर्षं नव्हतेच, त्यामुळे या धमकीला धार कमी आहे. दुसरी शोध.

पोथी बाहेर गेली.

शेवटच्या पानाचे फोटो, खाली शब्दशः हिंदी अर्थ आणि १९९३ चा माझा लेख खोटा असल्याचं सहीनिशी पत्र, असं सगळं मी समितीच्या अध्यक्षांना दिलं. अंजनी मरावी. कोंडऱ्याच्या शाळेत मुख्याध्यापिका, गजरूप साहांच्या घरातल्या. तू त्यांना दोनदा फोन केलास असं त्या म्हणाल्या. तुला काय सांगितलं ते तुला माहीत आहे. मला त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "संस्कृत वाली बात आप पंडित से जँचवा सकती हैं?" मी म्हटलं, अवश्य, माझ्यावर विश्वास ठेवायचं काहीच कारण नाही. त्यांनी दोघांकडून तपासून घेतलं. दोघांनी तोच अर्थ सांगितला.

पण आधी ज्योतीला सांगितलं. जिना चढून मीच गेले, गुडघ्यांना न विचारता. पोथी तिच्या टेबलावर ठेवली आणि अर्थ वाचला. तिनं एकदाच मधे विचारलं, "ये 'झनकू' लिखा है? कहाँ?" मी बोट ठेवलं. तिनं त्या अक्षरावर बराच वेळ बोट ठेवलं.

मग मी लेखाचं सांगितलं.

"मतलब अर्ज़ी ठीक करते समय आपको पता था."

"हो."

"और वो बिना नमक वाला पत्तल हमारे लिए है? हर साल?"

"हो."

"बिना नमक का," ती म्हणाली. "बड़ी मेहरबानी आप लोगों की."

ती दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन वडिलांकडे गेली. वरच्या खोलीचं कुलूप मी येताजाता बघते. शिळा घडवणाऱ्याकडे परत पाठवली आहे. दोन्ही नावं काढायची असं ठरलंय, आपलंही. 'धन्य' गेलं, भय्यासाहेब. चित्रातलं नाक तेवढं राहिलं.

अंजनीजींनी मला एक काम सांगितलं आहे. चतुर्दशीला घाटावर तो संकल्प मी म्हणायचा. सगळ्यांपुढे, आणि हिंदीतही. बाईनं संकल्प सोडण्याला शास्त्राधार काय, असं तू विचारशील. शास्त्राधार बघायला वेळ झाला नाही.

तू येणार नाहीस, हे गृहीत धरते. वडे चारच तळीन.

कुंदा


२१ सप्टेंबर २०२५, सर्वपित्री

भय्यासाहेब,

आज अहवालासारखं सगळं क्रमानं लिहिते, कारण कोणी तरी तुला उलटं सांगेल.

काल बरगी धरणाचे दरवाजे बंद होते, पाणी उतरलेलं, नावा सुरू होत्या. कोंडऱ्याची शंभरेक माणसं घाटावर आली होती, नेहमीसारखी पुलावरून. शिळा उभी होती. फक्त मथळ्यातलं गजरूप साहांचं नाव आणि वर्ष. खालच्या दोन ओळी छिन्नीनं उडवल्या आहेत, तिथे दगड खडबडीत आहे. अंजनीजींनी नवी शिळा घेऊ दिली नाही. म्हणाल्या, "दिखने दो कि कुछ मिटाया है."

मी उभी राहिले. हातात पाणी घेतलं. संस्कृतात म्हटलं, तेव्हा लोकांनी हात जोडले. संस्कृत ऐकलं की जोडतातच. मग हिंदीत म्हटलं. 'हमारे पुरखे ने शरण देकर धोखा किया. झनकू बर्मन निर्दोष थे. झूठ हमारे घर ने बोला, और बत्तीस साल पहले मैंने छापा.' जोडलेले हात एकेक करून सुटत गेले. तेव्हा मला कळलं की सखोपंतांनी संस्कृत काहून निवडलं होतं.

कोणी ओरडलं नाही. मी शिव्यांची तयारी करून गेले होते. ज्योतीचे वडील नावेत बसल्या बसल्या ऐकत होते, दोर हातात धरून. सावळे, पिकलेल्या मिशा, सत्तरीचे असतील. त्यांनी तिथूनच विचारलं, "तो मैडम, इतने दिन काहे लग गए?"



जेवण कोंडऱ्याला होतं. लोक सवयीनं पुलाकडे निघाले. अंजनीजी नाही निघाल्या. त्या पायऱ्या उतरल्या, चपला हातात घेतल्या आणि नावेपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"कक्का, उस पार उतार दो."

म्हाताऱ्यानं वर पाहिलं. "कोंडरा के हो?"

"गजरूप साह के घर के."

"तो सोच लो."

"डेढ़ सौ साल सोच लिया. हाथ दो."

त्यांनी हात दिला. अंजनीजी एक पाय नावेत आणि एक काठावर ठेवून क्षणभर थांबल्या. मुद्दाम थांबल्या की नाव हलली, सांगता येत नाही. पण सगळा घाट तेच बघत होता, कारण ते चित्र तिथल्या पोरासोरांनाही माहीत आहे. मग दुसरा पाय उचलून आत बसल्या. त्यांच्यामागे एक म्हातारी. मग दोघी जावा, एकमेकींना ढकलत. नाव भरली. सगळे बसले असं लिहिणार नाही. निम्म्याहून जास्त लोक मान फिरवून पुलानंच गेले. ज्योती नावेच्या पुढच्या टोकावर उभी राहून बांबू धरत होती. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

माझ्या हातात नावाड्याचं पान होतं. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, सगळं अळणी. नदीत सोडायचं की द्यायचं, मला समजेना. मी पायऱ्या उतरले आणि नावेच्या कडेला हात लावला. एकीनं सरकून मला जागासुद्धा केली होती.

म्हाताऱ्यानं पान पाहिलं. मग मला म्हणाला, अगदी अदबीनं, "आप पुल से आइए."

आणि वल्हं मारलं.

मी पुलावरून गेले, भय्यासाहेब. पान हातात धरून. नागपूरकडे जाणारे ट्रक अंगावरून जात होते, पानावरचे दोन वडे वाऱ्यानं गेले. मधोमध पोचले तेव्हा खाली पाहिलं, नाव पल्याड लागली होती आणि बायका उतरत होत्या. मला आणखी पंधरा मिनिटं लागली. पलीकडच्या टोकाला ज्योती उभी होती. तिनं पान माझ्या हातातून घेतलं, कागदाच्या पुडीतून चिमूटभर मीठ त्यावर टाकलं आणि घेऊन पुढे चालायला लागली.  वरच्या खोलीची किल्ली तिनं परत केली नाही, राहायला येते असंही म्हणाली नाही. मी तिच्या मागे चालत राहिले.

पुढच्या वर्षी चतुर्दशीला ये. संकल्प तूच म्हण, तुझा आवाज खरंच माझ्याहून चांगला आहे आणि आता अर्थही येतो. हिंदी मी लिहून देईन, ती मी नीट लिहिते.

चालायचे बूट आण. तुलाही कोणी नावेत घेणार नाही. आपण दोघं पुलावरून जाऊ.

कुंदा